फटफटीचे सैल बोल्ट आणि गळते थेंब



आजचा विषय ऐकून आपल्यांपैकीं कांहीं जणांच्या मनांत असें येईल कीं, हा विषय कारखान्यांतल्या कारागिरांचा. घरांत बसून भाषण ऐकणाऱ्या मंडळींना त्याचें काय होय? या शंकेचें उत्तर आपल्या घराच्या फाटकापाशींच उभें आहे. सोलापुरांत फटफटी नाहीं असें घर आज विरळा. कचेरी, शाळा आणि बाजार यांच्या फेऱ्या तर ती करतेच. पण मंगळवारीं तुळजापूर, गुरुवारीं अक्कलकोट, एकादशीला पंढरपूर, आणि जोडून सुट्टी आली कीं नळदुर्गचा किल्ला, विजापूरचा गोल घुमट, किंवा थेट पुणें अथवा हैदराबाद, अशा लांबच्या वाटाही तिच्याच पाठीवर बसून तोडल्या जातात. त्या वेळीं मागच्या बैठकीवर घरचेंच कोणीतरी माणूस असतें. म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वीं फटफटीचे बोल्ट सैल झाले आहेत काय आणि तिच्यांतून कांहीं गळतें आहे काय, हें पाहण्याचा प्रश्न जितका कारागिराचा, तितकाच तो गृहस्थाचा आणि गृहिणीचाही आहे.

माणसाच्या आजाराविषयीं आपल्याकडे म्हण आहे कीं, तो हत्तीच्या पावलांनीं येतो आणि मुंगीच्या पावलांनीं जातो. यंत्राच्या आजाराची चाल बरोबर उलट. तो मुंगीच्या पावलांनीं येतो. बोल्ट एका दिवसांत गळून पडत नाहीं. आधीं तो केंसभर फिरतो. मग त्याच्या कडेला बसलेल्या धुळीचा थर तडकतो. मग तो भाग हलूं लागतो, वाजूं लागतो. आणि सरतेशेवटीं एखाद्या खड्ड्यापाशीं बोल्ट रस्त्यावर पडतो. तेलाचेंही तसेंच. आधीं नुसती ओल, मग डाग, मग थेंब, आणि मग धार. इतक्या पायऱ्या उतरून आलेल्या संकटाला आपण 'अकस्मात' असें नांव देतों, याचें कारण मधल्या पायऱ्या कोणीं पाहिलेल्या नसतात. त्या पाहण्यासाठीं विद्या थोडी लागते; क्रम आणि नित्यता मात्र फार लागते.

या नित्यतेचें उदाहरण शोधण्यास सोलापूरकरांना दूर जावयास नको. सोलापूर हें मध्य रेल्वेच्या एका विभागाचें मुख्य ठाणें असून येथें आगगाडी १८६० सालीं आली. आगगाडीनें प्रवास करतांना रुळांच्या कडेनें पायीं चालणारा एक माणूस आपण पाहिला असेल. त्याच्या हातांत हातोडी आणि पाना असतो. त्याला चावीवाला म्हणतात. नेमून दिलेल्या टप्प्यांतील रूळ रोज पायीं चालत तपासावयाचे, सैल झालेली चावी ठोकून बसवावयाची, बोल्ट आवळावयाचा, हें त्याचें काम. जातांना एका रुळाकडे लक्ष द्यावयाचें आणि परततांना दुसऱ्या रुळाकडे. काल सारें घट्ट होतें म्हणून आज पाहण्याचें कारण नाहीं, असा हिशेब तेथें चालत नाहीं. हजारों उतारू ज्या निर्धास्तपणें झोंपून प्रवास करतात, त्या निर्धास्तपणाच्या मुळाशीं या पायीं चालणाऱ्या माणसाचे डोळे असतात.

दुसरें उदाहरण यंत्रमागाचें. ज्या मागांवर सोलापुरी चादरी आणि टॉवेल विणले जातात, त्या मागाचा धोटा मिनिटाला शंभरांहून अधिक वेळां इकडून तिकडे फेकला जातो. प्रत्येक फेकीबरोबर सांगाड्याला हिसका बसतो आणि दिवसभराच्या हिसक्यांनीं नट सैल होतात. मागावर वर्षानुवर्षें काम केलेला विणकर मागाच्या खडखडाटांतला बदललेला एक स्वर बरोबर ओळखतो आणि पाना हातांत घेतो. फटफटीचें इंजिन याहून कितीतरी जलद चालतें. तें मिनिटाला ५,००० फेरे घेत आहे असें धरलें, तर सोलापूर ते पुणें हें सुमारें २५० किलोमीटरांचें अंतर चार तासांत तोडीपर्यंत त्याचे १२ लाख फेरे होतात. एका सिलिंडरच्या इंजिनांत तर प्रत्येक फेऱ्याचा कंप सांगाड्यापर्यंत पोंचतो. शहरांतल्या दहा मिनिटांच्या फेरीला जो बोल्ट पुरून उरतो, तो या १२ लाख हिसक्यांना पुरेलच असें नाहीं. लांबच्या प्रवासापूर्वीं निराळी तपासणी हवी ती याच कारणानें.

बोल्ट घट्ट केला म्हणजे नेमकें काय होतें, हें आतां थोडक्यांत पाहूं. पाना फिरविला कीं बोल्टाची दांडी किंचित् ताणली जाते. ताणलेली स्प्रिंग जशी आंखडूं पाहते, तशी ही पोलादी दांडीही आंखडूं पाहते आणि मधल्या दोन भागांना एकमेकांवर दाबून धरते. हा दाब म्हणजेच बोल्टाची पकड. आपण पान्याला जो जोर लावतों, त्याचा सुमारें दहावा हिस्साच हा ताण उत्पन्न करण्याच्या कामीं येतो. बाकीचा जोर बोल्टाच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणांत खर्च होतो. तें घर्षण वायां मात्र जात नाहीं, कारण पुढें तेंच नटाला उलट फिरूं देत नाहीं. १९६९ सालीं गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानें प्रयोगानें असें दाखविलें कीं, जोडलेले दोन भाग आडव्या दिशेनें एकमेकांवर किंचित् जरी सरकूं लागले, तरी त्या क्षणीं आट्यांमधलें घर्षण जणूं नाहींसें होतें आणि ताणलेला बोल्ट आपोआप उलगडूं लागतो. म्हणजे बोल्ट थोडा सैल झाला कीं भाग सरकूं लागतात आणि भाग सरकूं लागले कीं बोल्ट अधिक सैल होतो. आरंभ मंद, पण शेवट झपाट्यानें होतो, याचें रहस्य येथें आहे. खालीं स्प्रिंग वायसर घातला म्हणजे नट सुटत नाहीं, ही आपल्याकडील जुनी समजूतही अशा कसोटीला उतरत नाहीं.

उष्णताही यांत भर घालते. सोलापुरांत मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जाणें नवलाचें नाहीं. इंजिन तर त्याहून कितीतरी अधिक तापतें. इंजिनाचें कवच ॲल्युमिनियमचें आणि त्यांतले बोल्ट पोलादी असतात. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें, आणि निवल्यावर पुन्हां आंखडतें. या रोजच्या ताण-ढिलाईनें मधलें पॅकिंग दबत जातें आणि बोल्टाची पकड कमी होते. सैलपणा आणि गळती हे दोन दोष एकाच घरचे भाऊ आहेत, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां प्रत्यक्ष तपासणीकडे वळूं. पहिलें काम स्वच्छतेचें. धुळीनें आणि जुन्या तेलानें माखलेल्या यंत्रावर नवा डाग दिसत नाहीं आणि सैल बोल्टही दिसत नाहीं. ओल्या फडक्यानें पुसून, कोरड्या फडक्यानें टिपून घ्यावें. जोरदार फवाऱ्याचें पाणी चाकांच्या मध्यावर किंवा विजेच्या तारांच्या जोडांवर मारूं नये. पुसणारा हात प्रत्येक कोपऱ्यांत जातो, आणि तेथें काय हलतें, काय ओलें आहे, हें डोळ्यांच्या आधीं बोटांना कळतें. पुसणें ही अर्धी तपासणीच होय.

मग क्रम ठरवावा आणि तो कधींही बदलूं नये. पुढच्या चाकापासून आरंभ करून मागच्या दिव्यापाशीं शेवट करावा, हें सोईचें. पुढच्या चाकाचा आंस आणि त्याला धरून ठेवणारे बोल्ट, ब्रेकचा कॅलिपर ज्या दोन बोल्टांवर टांगलेला असतो ते, हँडलचे बोल्ट, आरसे आणि दांडे, इंजिन सांगाड्याला धरून ठेवणारे लांब बोल्ट, सायलेन्सरचे दोन्ही टोंकांचे जोड, पाय ठेवण्याच्या दांड्या, गिअरचा दांडा, उभें करण्याचें स्टँड, मागच्या चाकाचा आंस आणि चेन ताणण्याचे नट, मागचें दातेरी चक्र, शॉकअब्सॉर्बरचे वरचे व खालचे बोल्ट, आणि शेवटीं सामानाचें कॅरिअर व क्रमांकाची पाटी. कॅरिअर शेवटीं असलें तरी गौण नव्हे. रोज रिकामें असलेलें कॅरिअर प्रवासाच्या दिवशींच दहा-पंधरा किलो वजन घेतें, आणि त्याचे बोल्ट त्याच दिवशीं प्रथम परीक्षेला बसतात.

डोळ्यांनीं काय पाहावें? बोल्टाच्या कडेला तडकलेली धूळ, घांसून चकचकीत झालेली जागा, किंवा जोडापाशीं जमलेली तांबूस भुकटी. ही तांबूस भुकटी म्हणजे दोन पोलादी भाग एकमेकांवर घांसत असल्याची साक्ष समजावी. हातांनीं काय पाहावें? चाक जमिनीवरून उचललेलें असतां त्याची वरची व खालची कड धरून हलवावी. खडखड जाणवली तर दोष आंसाशीं आहे. पुढचा ब्रेक दाबून धरून फटफटी मागेंपुढें लोटावी. हँडलाखालीं ठोका जाणवला तर तेथील बेअरिंग सैल आहे. कानांनीं काय ऐकावें? ज्या चाकांना तारा असतात, त्यांच्या प्रत्येक तारेवर पान्यानें हलकेंच टिचकी मारावी. ताणलेली तार स्वच्छ नाद देते, सैल तार बद्द वाजते. सतार ऐकणाऱ्या घराला हा भेद शिकवावा लागणार नाहीं.

येथें गृहिणींच्या संग्रहांतली एक वस्तु फार उपयोगी पडते, ती म्हणजे नखांना लावण्याचा रंग. बोल्ट योग्य तितका आवळून झाला कीं त्याच्या डोक्यापासून शेजारच्या भागापर्यंत त्या रंगाची एक सरळ रेघ ओढावी. बोल्ट फिरला कीं रेघ तुटते. मग प्रत्येक वेळीं पाना लावण्याचें कारण उरत नाहीं. रेघा जुळतात कीं नाहीं एवढें दहा वर्षांच्या मुलालाही पाहतां येतें. मोठमोठ्या कारखान्यांतही हीच युक्ति वापरतात.

मात्र एका गोष्टीचा इशारा दिला पाहिजे. सैलपणाची धास्ती घेतलेला मनुष्य पाना हातीं येतांच दिसेल तो बोल्ट सर्व शक्तीनें आवळूं लागतो. अति तेथें माती, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते. ताण मर्यादेपलीकडे गेला कीं पोलादी दांडी कायमची लांबते आणि तिची आंखडण्याची शक्तिच जाते; किंवा ॲल्युमिनियममधले नरम आटे सोलून निघतात. आटे गेलेला बोल्ट दिसावयाला घट्ट, पण धरावयाला निरुपयोगी. ६ मिलिमीटर जाडीच्या सामान्य बोल्टाला बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुरतो. म्हणजे १० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोंकाला सुमारें १० किलो वजनाइतका दाब. चाकाच्या आंसाला त्याच्या कित्येक पट जोर लागतो. प्रत्येक बोल्टाचा आंकडा फटफटीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत किंवा कारखान्याच्या दुरुस्ती-पुस्तकांत दिलेला असतो, आणि तितकाच जोर मोजून लावणारा पानाही बाजारांत मिळतो. आंकडा कोरड्या आट्यांचा असतां आट्यांना तेल लावलें, तर घर्षण कमी होऊन तेवढ्याच जोरांत बोल्ट अधिक ताणला जातो, हेंही लक्षांत ठेवावें. पाना लावून पाहणें निराळें आणि पाना लावून आवळणें निराळें. ज्या बोल्टाची रेघ जागेवर आहे, त्याला हात लावूं नये.

आतां गळतीविषयीं. रात्रीं फटफटी उभी करतांना तिच्याखालीं मिठाईच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा किंवा जुन्या वर्तमानपत्राचा कोरा भाग अंथरावा आणि पुढचें चाक कोठें होतें याची त्यावर खूण करावी. सकाळीं तो पुठ्ठा पत्रिकेसारखा वाचतां येतो. तपकिरी किंवा काळा, बोटाला बुळबुळीत लागणारा डाग इंजिनाच्या तेलाचा. हिरवा, निळा किंवा गुलाबी आणि किंचित् गोडसर वासाचा डाग पाण्यानें थंड होणाऱ्या इंजिनांतल्या द्रवाचा. हा द्रव विषारी असून कुत्र्या-मांजरांना त्याच्या गोडीचा मोह पडतो, म्हणून तो लगेच धुवून काढावा. फिकट पिवळसर, पाण्यांत सहज धुतला जाणारा आणि रंगावर पडला तर रंग उकलणारा द्रव ब्रेकचा. पेट्रोल बहुधा डाग ठेवीत नाहीं. त्याचा वासच साक्ष देतो. तो वास आला तर काडी ओढून उजेड पाहूं नये, हें सांगावयास नकोच.

प्रत्येक ओल ही गळती नव्हे. थंडीच्या सकाळीं सायलेन्सरमधून पडणारे पाण्याचे थेंब निर्दोष असतात. चेनीला घातलेलें जास्तीचें तेल मागच्या चाकावर काळ्या ठिपक्यांच्या रूपानें उडतें, तेंही गळतीचें लक्षण नव्हे. उलट, खरी गळती पुष्कळदां भलत्याच जागीं दिसते. तेल वरून खालीं वाहतें आणि धांवत्या फटफटीवर वारा त्याला मागें ढकलतो. म्हणून ओल जेथें दिसते त्याच्या वर आणि पुढें तिचा उगम शोधावा. उगम सांपडत नसेल तर तो भाग पुसून कोरडा करावा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि इंजिन दहा मिनिटें चालवावें. पांढऱ्या भुकटीवर तेलाची वाट रेखल्यासारखी उमटते.

थेंबाला क्षुद्र लेखूं नये. थेंबें थेंबें तळें साचतें, तसें तें थेंबें थेंबें आटतेंही. सुमारें ३० थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि चालत्या इंजिनांतून सेकंदाला एक थेंब पडत असला, तर तासाला १२० मिलिलिटर तेल जातें. पुण्याला पोंचेपर्यंत जवळजवळ अर्धा लिटर. लहान फटफटीच्या इंजिनांत एकूण तेल सुमारें एक लिटरच असतें. म्हणून जमिनीवरचा डाग पाहण्याबरोबर आंतल्या तेलाची पातळीही पाहावी. सपाट जागीं, इंजिन बंद करून कांहीं मिनिटें थांबल्यावर, फटफटी सरळ उभी धरून कांचेच्या झरोक्यांतून किंवा मोजपट्टीवर ती दिसते. बाजूच्या स्टँडवर कलती असतां घेतलेलें माप खोटें असतें.

सर्वांत जपावयाचा तो ब्रेकचा द्रव. हँडलावरच्या लहानशा डबीवर त्याच्या पातळीची खूण असते. पातळी उतरण्याचीं कारणें दोन: ब्रेकचे पॅड झिजले असतील किंवा द्रव कोठें तरी झिरपत असेल. दोन्ही कारणें पाहिल्यावांचून नुसता द्रव ओतून खूण गांठणें, म्हणजे रोग झांकणें. या द्रवाचा आणखी एक गुण असा कीं तो हवेंतली ओल शोषून घेतो. पुष्कळ फटफटींना लागणारा डॉट ४ या जातीचा नवा द्रव निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. पण ओल शोषल्यावर ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरूं शकते. सोलापूरच्या सपाट रस्त्यावर हें कधीं जाणवणार नाहीं. तीच फटफटी मागें माणूस आणि सामान घेऊन कोंकणांत उतरणाऱ्या घाटांत सारखा ब्रेक दाबीत जाऊं लागली, म्हणजे द्रव उकळतो, त्यांत वाफेचे बुडबुडे होतात आणि दांडा हाताला पोकळ लागतो. म्हणून द्रव बहुधा दर दोन वर्षांनीं बदलावा, असें सांगितलेलें असतें. डबींत द्रव भरतांना वडाची साल पिंपळाला लावूं नये: झांकणावर लिहिलेल्या जातीचाच द्रव घालावा. त्यांत इंजिनाचें तेल पडलें तर आंतलीं रबरें फुगून सारा ब्रेक निकामी होतो.

पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस चकचकीत नळ्या असतात, त्यांवर तेलाचें कडें उमटलेलें दिसलें तर तेथील सील गेलें, असें समजावें. तें तेल ओघळत खालीं ब्रेकच्या चकतीवर येतें, आणि तेलकट चकतीला ब्रेक धरतां येत नाहीं. दिसावयाला ही क्षुल्लक ओल, पण हिच्याइतकी फसवी दुसरी नाहीं.

जुन्या फटफटीच्या मालकांनीं पेट्रोलच्या रबरी नळ्यांकडे विशेष लक्ष द्यावें. २०२५ पर्यंत आपल्या देशांत पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गांठला गेला. सोलापूर जिल्ह्यांत साखर कारखान्यांची दाटी असल्यानें हें इथेनॉल आपणांस परकें नाहीं. परंतु ज्या फटफटी अशा मिश्रणासाठीं घडविलेल्या नव्हत्या, त्यांच्यांतील कांहीं रबरी नळ्या व सील लवकर बदलावीं लागण्याचा संभव असतो. नळी दोन बोटांत वांकवून पाहावी. तिला चिरा दिसल्या किंवा ती कडक अथवा चिकट लागली, तर ती बदलावी. एका नळीची किंमत प्रवासांतल्या एका जेवणाहून क्वचितच अधिक असते.

हें सारें केव्हां करावें, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ लोक निघण्याच्या सकाळीं तपासणी करतात. डबे भरलेले, मुलें नवीन कपडे घालून पायरीवर उभीं, ऊन चढण्यापूर्वीं मोहोळ गांठावयाचें. अशा वेळीं तपासणारा मनुष्य दोष शोधीत नसतो. दोष सांपडूं नये अशीच त्याची इच्छा असते, आणि जें नको असतें तें डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून खरी तपासणी एक-दोन दिवस आधीं, संध्याकाळीं करावी. त्या वेळीं दुकानें उघडीं असतात, कारागीर भेटतो, आणि दोष सांपडला तर वाईट वाटण्याऐवजीं समाधान वाटतें. इंजिन गरम असतां एकदां आणि रात्रभर निवल्यावर सकाळीं एकदां पाहावें. कारण कांहीं गळती तापल्यावरच प्रकट होते, तर कांहीं निवल्यावर. मग निघण्याच्या सकाळीं पुठ्ठा, रेघा, ब्रेकचे दांडे आणि टायरांतली हवा एवढें पाहण्यास पांच मिनिटें पुरतात. वाटेंत चहाला थांबल्यावर रिकाम्या हातानें एक प्रदक्षिणा घालावी. दुरुस्तीच्या दुकानांतून परत आणलेली फटफटी तर अवश्य पाहावी. जो बोल्ट काल कोणीं उघडला असेल, तोच अर्धवट आवळलेला राहण्याचा संभव अधिक असतो, हें कारागिराच्या हेतूविषयीं शंका न घेतांही म्हणतां येतें.

आणि पाहून झाल्यावर निर्णय घ्यावयाचा असतो. इंजिनाच्या जोडावर नुसती ओल असेल, थेंब पडत नसेल, तर नोंद करून, पातळी पाहत पाहत जाण्यास हरकत नाहीं. थेंब पडत असेल तर आधीं दुरुस्ती, मग प्रवास. परंतु ब्रेकचा द्रव, पेट्रोल, पुढच्या नळ्यांवरचें तेल, आणि चाकांचे अथवा हँडलाचे बोल्ट यांपैकीं कशांतही दोष असेल, तर फटफटी दारांतून हलवूं नये. मंडळी हिरमुसतील; एसटीनें किंवा आगगाडीनें जावें लागेल; कदाचित् दर्शन पुढच्या वारावर जाईल. हा निर्णय हँडल धरणाऱ्या एकट्यावर सोंपवूं नये, असें मला वाटतें. जो मागें बसतो त्याच्या हातांत ब्रेक नसतो आणि पायांत गिअर नसतो. पडण्याच्या वेळीं मात्र त्याचा वांटा बरोबरीचा असतो. म्हणून तपासणीच्या वेळीं कंदिलासारखा हातदिवा धरून बाजूला उभें राहण्याचा, हा डाग कसला म्हणून विचारण्याचा, आणि उत्तर पटलें नाहीं तर बसण्यास नकार देण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. घरांतील स्त्रियांनीं आणि मुलांनीं तो अधिकार संकोच न करतां वापरावा.

दसऱ्याला आपण फटफटी धुतों, तिला झेंडूची माळ घालतों, हळदकुंकू लावतों. सोलापूरच्या मागांवर आणि कारखान्यांत ही शस्त्रपूजा फार प्रेमानें होते, आणि ती तशीच होत राहावी. त्या दिवशीं फटफटी धुऊन पुसून हाताशीं असतेच. तेव्हां माळ घालण्यापूर्वीं तिच्या बोल्टांवर रंगाच्या रेघा ओढून ठेवाव्या आणि त्या रात्रीं तिच्याखालीं पांढरा पुठ्ठा अंथरावा. पुढच्या प्रवासाच्या आधीं काय पाहावयाचें, हें मग कोणास विचारावें लागणार नाहीं.